चौपाटीच्या पाळ्या: तुमची वेळ कुठली?

चाळकरी | रविवार, रात्री १०:४०

परवा एक गंमत झाली. मावसभावाकडे मुक्कामाला होतो, पहाटे झोप उडाली, म्हणून चपला अडकवल्या आणि सव्वासहाला गिरगाव चौपाटीवर टिळकांच्या पुतळ्याशी जाऊन उभा राहिलो. मी मूळचा फणसवाडीतला, आता डोंबिवलीकर. वयाची पहिली सव्वीस वर्षं चौपाटीपासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर काढली आणि सकाळची चौपाटी पाहिली ती परवा, पहिल्यांदा. हसू नका. आमची चौपाटी संध्याकाळी सातला सुरू व्हायची आणि साडेनऊला, आईने ठरवलेल्या वेळेला, बंद व्हायची. त्याआधी आणि त्यानंतर तिथे काही चालत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

पाहतो तर सगळी माणसं वेगळी. एकही ओळखीचा प्रकार नाही. फुगे नाहीत, भेळ नाही, चटया टाकून बसलेली कुटुंबं नाहीत. ओळखीचा फक्त एक निघाला, तोही झोपलेला. तेल मालीशवाला. तोंडावर सदरा घेऊन वाळूत आडवा, उशाशी बाटल्यांची ती लोखंडी चौकट. रात्री नऊ वाजता बाटल्या खुळखुळवत ‘मालीऽऽश’ करत फिरणारा माणूस झोपतो कुठे, हा प्रश्न मला सव्वीस वर्षांत पडला नव्हता. उत्तर माझ्या पायाशी घोरत होतं.

तेव्हा वाटलं, गिरणीसारख्या या जागेच्याही पाळ्या आहेत की! एका पाळीची माणसं दुसऱ्या पाळीला कधी भेटत नाहीत, आणि प्रत्येकाला वाटतं आपण बघतो तीच चौपाटी.

माझ्या पाळीचं आधी सांगतो. चाळीत दहा बाय बाराची खोली, आम्ही सात जण. घरी पाहुणे आले की मुलांना चौपाटीवर पिटाळायचं, हा नियम. म्हणजे ती आमची बाहेरची खोली. नवीन लग्न झालेल्यांना तर दुसरी जागाच नव्हती. आमच्या शेजारचे दादा-वहिनी लग्नानंतर रोज संध्याकाळी ‘भाजी आणतो’ म्हणून पिशवी घेऊन निघायचे. मला एकदा वाळूत बसलेले दिसले. मी हाक मारली तर दोघं एकमेकांची ओळख नसल्यासारखी दोन दिशांना बघायला लागली. पिशवी मध्ये, रिकामी. तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं, आणि मग पुन्हा कधी हाक मारली नाही.

तर मंडळी, तुमची वेळ कुठली आणि त्या वेळेला काय दिसतं, एवढंच लिहा. एक विनंती: ‘आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही’ हा सूर नको. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथेही येईन.

उगाचच | रविवार, रात्री १०:४३

पहिला! शेंगांची पुडी घेऊन वाळूत जागा पकडली आहे.

पेन्शनर | सोमवार, सकाळी ७:२०

आत्ताच फिरून आलो आणि हा धागा दिसला. चाळकरी, तुम्ही सव्वासहाला आलात म्हणजे उशिरा आलात. आमची पाळी पावणेसहाला भरते.

पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे जात असतो. शाळेत ‘खारे वारे, मतलई वारे’ पाठ केलं होतं, पण मतलई म्हणजे काय ते पासष्टाव्या वर्षी मानेला समजलं. पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की गार झुळूक मागून येते. दहा-अकरानंतर तीच उलटी फिरते आणि केस कपाळावरून मागे जातात. (ज्यांना आहेत त्यांचे.)

आमचा बारा जणांचा गट आहे आणि त्यात तीन तट आहेत. विषय: कुत्र्यांना बिस्किटं घालावीत की नाहीत. गेली चार वर्षं चाललंय. अनवाणी चालायचं तर सकाळी ओहोटी असते, ओल्या कडक वाळूवर चालावं. कोरड्या वाळूत पाच मिनिटांत पोटऱ्या भरून येतात.

टिळकांच्या पुतळ्याला मी रोज हात जोडतो. लोकांना वाटतं सवय आहे. कारण वेगळं आहे. टिळक सरदारगृह या लॉजमध्ये वारले ते १ ऑगस्ट १९२० उजाडण्याआधी, मध्यरात्रीनंतर, आणि त्याच दिवशी भर पावसात इथे वाळूत त्यांना अग्नी दिला. माझे आजोबा तेव्हा दहा वर्षांचे, वडिलांचा हात धरून आले होते. आम्ही लहानपणी त्यांना खोदून खोदून विचारायचो: गांधीजी दिसले? टिळकांना पद्मासनात बसवलं होतं, ते पाहिलं? ते म्हणायचे, मला फक्त छत्र्या दिसल्या. मोठ्या माणसांच्या कमरेएवढा मी, वर बघावं तर काळ्या छत्र्या आणि त्यांच्या कडांवरून गळणारं पाणी. आणि एक चप्पल हरवली, तिच्यासाठी घरी मार बसला. इतिहासाच्या पुस्तकात काहीही असो, आमच्या घरी तो दिवस म्हणजे छत्र्या आणि एक चप्पल.

पाऊणपट | सोमवार, सकाळी ९:०५

पेन्शनर काका, आजोबांची आठवण अप्रतिम. पण ‘सकाळी ओहोटी असते’ याला सविनय हरकत. रोज नसते! भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

आमच्याकडे कोकणात जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा, येतील तितके वाजता पूर्ण भरती. शुद्ध असो वा वद्य. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरती दिवसातून दोनदा, सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी. आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण खिशात कॅलेंडर असलं की मोबाइल लागत नाही.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाणी पार वरपर्यंत येतं आणि ओहोटीला तितकंच लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा धड येत नाही, धड जात नाही. म्हणजे तुम्हाला सकाळी साडेसहाला लांबलचक ओली वाळू मिळते ती पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास. अष्टमीला त्याच वेळी पाणी भरलेलं असतं आणि तुम्ही कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून घेत असता.

पेन्शनर | सोमवार, सकाळी ९:३०

अरे देवा. म्हणजे आमच्या गटात ‘पंधरवड्यातून चार दिवस गुडघे जास्त दुखतात’ म्हणणारे गृहस्थ खोटं बोलत नव्हते तर. आम्ही त्यांना औषध बदला म्हणून सांगत होतो.

मागचाबाक | सोमवार, दुपारी १:१५

दुपारची पाळी माझी. कॉलेज अगदी समोर, विल्सन. वर्गातून समुद्र दिसतो अशा ठिकाणी अर्थशास्त्र शिकवणं हा प्राध्यापकांवर अन्याय आहे. दुपारी चौपाटीवर कोणी नसतं असं लोकांना वाटतं. वाळू तापून तव्यासारखी, बरोबर. पण झाडांच्या सावलीत पत्ते कुटणारे, उघड्या छत्रीआड बसलेली जोडपी, आणि आम्ही, हजेरी लावून निसटलेले. छत्र्यांना पाऊस लागत नाही हे तिथेच शिकलो.

एकदा लेक्चर बुडवून बसलो होतो तर शेजारच्या झाडाखाली तेच सर, डबा खात. दोघांनीही पाण्याकडे बघितलं. (चाळकरींचे दादा-वहिनी आठवले.)

तिखटजास्त | सोमवार, दुपारी ४:५०

आयडीवरून ओळखलं असेलच. संध्याकाळची पाळी, खाण्याची.

चौपाटीच्या भेळेवर लोक भरभरून बोलतात, पण बघत कोणी नाही. एकदा नुसतं बघा. पातेल्यात आधी कुरमुरे, मग शेव नव्हे, आधी बटाटा आणि कांदा. गोड चटणी पळीने आणि हिरवी चमच्याने, कारण हिरवी चुकली तर माघार नाही. मग पातेलं कलतं करून चमच्याचे सात-आठ फटके, खालून वर, आणि आवाज ऐकून थांबायचं. सुरुवातीला कुरमुऱ्यांचा खळखळ आवाज असतो, चटणी लागली की तो बसका होतो. पूर्ण गप्प झाला की भेळ मेली. गप्प व्हायच्या आत कागदावर, वर शेव, कैरीचे दिवस असतील तर कैरीचे तुकडे, आणि बाजूला एक चपटी पुरी खोचलेली. ती पुरी म्हणजे चमचा. जे लोक ती आधी खाऊन टाकतात आणि मग ‘भैया, चमचा द्या’ म्हणतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त शेजारी बसत नाही.

तक्रार एकच. गाळ्यांपाशी पोचायच्या आत चार जण मेनूकार्ड नाचवत अंगावर येतात. मागे एकाने माझ्या सासूबाईंच्या हाताला धरून बसवलं, त्या बिचाऱ्या घाबरून पावभाजी, डोसा आणि फालुदा एकदम मागवून बसल्या. त्यांना हवी होती फक्त कुल्फी. कापून वड्या करून देतात ती. शेवटी ती वेगळी घेतलीच.

उगाचच | सोमवार, संध्याकाळी ५:०२

कांदा आधी की शेव आधी यावर इथे दीडशे प्रतिसाद होऊ शकतात. मी सुरुवात करू?

चाळकरी | सोमवार, संध्याकाळी ५:०५

नको.

घाटमाथा | सोमवार, रात्री ८:३०

आम्ही सातारकडचे. माझी चौपाटीची वेळ एकच: १९९८, सहावीची सहल, संध्याकाळचे पाच ते सहा. राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय आणि शेवटी चौपाटी, असा तेव्हाच्या सगळ्या सहलींचा एकच रस्ता असे.

आमच्यातल्या कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. गुरुजींनी आधीच दम दिलेला, पाण्यात घोट्याच्या वर जायचं नाही. एसटीतून उतरलो, वाळूतून पळालो, आणि पाण्याशी पोचल्यावर सगळे एकदम थांबलो. कोणीतरी वाकून बोट बुडवून चाखलं. मग बावन्न पोरांनी ओळीने उभं राहून समुद्र चाखला. ‘खारटाय रं!’ एवढीच चर्चा. पुस्तकात लिहिलं होतं म्हणून काय झालं, खात्री नको?

मी पाण्याची एक बाटली भरून घरी नेली, आज्जीसाठी. तिनं आयुष्यात समुद्र बघितला नव्हता, पुढंही नाही बघितला. तिनं बाटली उन्हात धरली, हलवली, वास घेतला. आई म्हणाली तुळशीला घाला. आज्जी म्हणाली, खुळी का काय, तुळस मरंल. आणि देवघरात ठेवली, गंगेच्या गडूशेजारी. बरीच वर्षं होती. पाणी कमी होत गेलं आणि बाटलीच्या तळाशी पांढरा थर धरला. मला वाटतं बूच नीट बसत नव्हतं.

मोगरा | सोमवार, रात्री ९:१०

घाटमाथा, डोळ्यांत पाणी आणलंत, तेही खारटच.

माझी वेळ सूर्यास्ताची. ऑफिस चर्चगेटला. शुक्रवारी मुद्दाम चर्नी रोडला उतरून चौपाटीवर जाते, लाल गोळा हळूहळू समुद्रात बुडताना बघते आणि मग पुढची लोकल धरते. आठवड्याचा सगळा शीण जातो.

पाऊणपट | सोमवार, रात्री ९:२२

मोगराताई, शीण जातो ते मान्य. पण सूर्य समुद्रात बुडत नाही हो! गिरगाव चौपाटीचं तोंड नैर्ऋत्येला आणि पश्चिमेला मलबार हिलचा दांडा, पार राजभवनापर्यंत आलेला. जवळजवळ वर्षभर सूर्य टेकडीवरच्या इमारतींच्या मागे जातो. समुद्रात बुडताना बघायचा तर हिवाळ्यात नरिमन पॉइंटच्या टोकाला जा, नाहीतर दादर-जुहू गाठा.

मोगरा | सोमवार, रात्री ९:४०

इतकी वर्षं बघतेय आणि आत्ता फोनमधले फोटो काढून बघितले. खरंच की. सगळ्या फोटोंत टेकडी आहे. मी आठवणीत परस्पर समुद्र घातला होता.

असो. आमचा सूर्य श्रीमंतांच्या घरामागे मावळतो तर तसं. पण एक सांगते पाऊणपट, टेकडीमागे गेल्यावर जो अर्धा तास उजेड राहतो ना, त्यात ओल्या वाळूवर सगळं आभाळ खाली उतरलेलं असतं. लहान मुलं त्या रंगावरून पळतात. याला पाऊणने गुणून दाखवा.

पाऊणपट | सोमवार, रात्री ९:४१

दंडवत.

शिंपला | मंगळवार, सकाळी १०:१५

माझी पाळी घड्याळावर नाही, ओहोटीवर. हातात काही नाही, फक्त जुने बूट आणि भिंग. मुंबईत काही वर्षांपासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’वाले किनाऱ्यावरच्या जिवांसाठी फेऱ्या काढतात, त्यांच्याबरोबर गेले आणि व्यसन लागलं. ‘या घाण पाण्यात काय असणार’ असं म्हणत गेले होते.

पाणी मागे गेलं की ओल्या वाळूवर बारीक गोळ्या दिसतात, साबुदाण्याएवढ्या, शेकडो, रांगोळीसारख्या पसरलेल्या. आपण त्यांच्यावर पाय देऊन चालतो. उकिडवं बसून पाच मिनिटं हलायचं नाही. मग भोकातून एक खेकडा निघतो, नखाएवढा. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात भरतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. एक पाऊल पुढे, पुन्हा गोळी. भोकापासून सरळ रेघेत बाहेर जातो, परत येतो, दुसरी रेघ धरतो. सावली हलली की एका क्षणात आत. भरती येईपर्यंत हे काम, आणि मग पाणी येऊन सगळी पाटी कोरी. चाळकरी, तुमच्या पाळ्यांमध्ये हीही धरा.

पावसाळ्याच्या शेवटी मात्र अनवाणी पाण्यात जाताना जपा. २०१३मध्ये विसर्जनाच्या वेळी याच चौपाटीवर कितीतरी भाविकांना पाखट माशाने दंश केला होता. पाखट वाळूत अंग पुरून बसतं, पाय पडला की शेपटीचा काटा मारतं. पाय घासत चालायचं म्हणजे ते आधीच सटकतं. लागलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावत बसू नका.

उगाचच | मंगळवार, सकाळी ११:००

अवांतर: याच चौपाटीवरून १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं होतं, त्याबद्दल कोणी लिहीत कसं नाही?

पाऊणपट | मंगळवार, सकाळी ११:०४

आला! वाटच बघत होतो. तळपदे हे खरे गृहस्थ, हौस खरी, त्याबद्दल आदर आहे. पण उडाण झाल्याचा त्या काळातला धड पुरावा मला आजवर कोणी दाखवलेला नाही. ‘केसरीत छापून आलं होतं’ असं जो तो सांगतो, अंक मागितला की विषय बदलतो. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ग्रंथाचा आधार देतात, त्यातल्या आकृत्यांचा अभ्यास १९७४मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी केला. ती यंत्रं उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष निघाला.

उगाचच | मंगळवार, सकाळी ११:०६

म्हणजे पतंगच उडवायचे का चौपाटीवर?

चाळकरी | मंगळवार, सकाळी ११:३०

पतंग, फुगे, अफवा, सगळं उडवा. विमानाचा धागा वेगळा काढा.

दोरखंड | मंगळवार, रात्री १०:५०

वर्षातून एक रात्र या सगळ्या पाळ्या एकदम भरतात, तिच्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. अनंत चतुर्दशी. बावीस वर्षं आमच्या वाडीच्या मंडळाबरोबर पाण्यात उतरतो आहे.

आदल्या दिवसांत वाळूवर लोखंडी प्लेटा अंथरतात, नाहीतर ट्रक रुततात. मचाण, दिवे, जीवरक्षक, तराफे. रात्री दोननंतर आवाज ऐकू येईनासा होतो, फक्त छातीत ढोल जाणवतो. मोठ्या मूर्तींना भरतीचा हिशोब लागतोच. २०२५मध्ये लालबागचा राजा सकाळी इथे पोचला आणि भरतीत अडकला. तराफ्यावर चढवता चढवेना, आणि विसर्जन झालं ते रात्री. माणसं दिवसभर उभी. (पाऊणपट, चौदा गुणिले पाऊण साडेदहा, दुसऱ्या दिवशी पौर्णिमा म्हणजे सव्वाअकरा, बरोबर ना? तुमचा हिशोब त्या दिवशी आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून शिकलो.)

पण मला सांगायचंय ते घरच्या गणपतीचं. मूर्ती पाण्यात सोडली की रिकामा पाट परत न्यायचा नसतो. त्यावर ओंजळभर ओली वाळू घ्यायची. आई आमच्या पाटावर वाळूचा छोटा ढीग करायची, पदराने झाकायची, आणि त्या गर्दीतून घरापर्यंत असा आणायची की कण सांडू नये. जिथे दहा दिवस गणपती बसला तिथे ती वाळू ठेवून आरती. मग ती कोपऱ्या-कोपऱ्यात थोडी थोडी टाकायची. पुढचे आठ दिवस घरभर पायाला वाळू लागायची आणि झाडून काढायची कोणाची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा जातो, कचरा उचलायला. किनाऱ्यावर हात, सोंडा, मुकुट येऊन पडलेले असतात. आमच्या वाडीने गेल्या काही वर्षांत शाडूची लहान मूर्ती केली त्याचं कारण भाषणं नव्हेत. एका सकाळी आमच्या चिटणीसांच्या हाताला आमच्याच बाप्पाचा कान लागला. रंगावरून ओळखला. कोणी काही बोललं नाही. पुढच्या बैठकीत उंची निम्मी झाली.

पेन्शनर | बुधवार, सकाळी ७:१५

दोरखंड, ती सकाळ आमच्याही गटाने पाहिली आहे. त्या दिवशी कुत्र्यांवरून वाद होत नाही. सगळे पिशव्या घेऊन वाकलेले असतात.

हायवेवाला | बुधवार, सकाळी ९:४०

मी रोज सागरी किनारा रस्त्याने येतो. मार्च २०२४पासून मलबार हिलच्या पोटातला बोगदा दोन-तीन मिनिटांत पार होतो आणि थेट चौपाटीजवळ बाहेर येतो. आधी वळणावरून उतरताना चौपाटी हळूहळू उघडायची. आता काळोख, काळोख, आणि एकदम डोळ्यांवर पाणी. तक्रार नाही, मला दुसरंच आवडायला लागलंय. माझी वेळ: सकाळी साडेनऊ, चार सेकंद.

मागचाबाक | बुधवार, सकाळी ९:५५

चार सेकंदांची पाळी! आमच्याकडे मेट्रोचं गिरगाव स्टेशन २०२५च्या ऑक्टोबरात सुरू झालं, त्यातून वर आलं की मात्र अजूनही चालावंच लागतं. चांगलं आहे.

रातपाळी | गुरुवार, पहाटे ३:५०

मी हॉटेलात कुक आहे. भटारखाना धुवून निघायला दीड वाजतो, पहिली लोकल चारनंतर. मधले अडीच तास माझी चौपाटी. वाळूत बसू देत नाहीत, पोलीस शिट्टी मारतात, म्हणून कठड्यावर.

या वेळेला समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. दिवसभर भांडी, एक्झॉस्ट आणि ऑर्डरी ऐकलेल्या कानांना आधी अर्धा तास तेच ऐकू येत राहतं, मग हळूहळू पाणी. समोर राणीचा हार, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची रांग. २०१५च्या सुमारास हे दिवे पांढरे झाले होते, मुंबईभर बोंब झाली आणि पुन्हा पिवळे आले. पांढऱ्या दिव्यांत इथे बसलं की आमच्या भटारखान्यात बसल्यासारखं वाटायचं, म्हणून मला आठवतंय.

तीनच्या सुमारास झाडणारे येतात. तुम्ही संध्याकाळी सोडलेले कागद, पुऱ्या, खेळणी, चपला. एकच चप्पल फार सापडते, नेहमी एकच. काल एक लहान मुलीची सापडली, झाडणाऱ्या बाईंनी ती कचऱ्यात टाकली नाही, पुतळ्याच्या कठड्यावर ठेवली. रोज काही ना काही तिथे ठेवतात म्हणाल्या. कोणी परत येतं का विचारलं, तर म्हणाल्या, कधी कधी.

पेन्शनर काका, सहज सांगितलं. आजोबांची १९२०चीच आहे, वेळ लागेल.

पेन्शनर | गुरुवार, सकाळी ७:०५

आज जाऊन बघितलं हो. लहान मुलीचीच आहे, गुलाबी. तिथेच ठेवली.

तिखटजास्त | गुरुवार, सकाळी १०:३०

मंडळी, कट्टा करायचा का? सगळ्या पाळ्या एकत्र. रविवारी सात वाजता, पुतळ्यापाशी.

शिंपला | गुरुवार, सकाळी १०:४५

सकाळी सात असेल तर मी येते. ओहोटी आहे का ते बघा कोणीतरी.

पाऊणपट | गुरुवार, सकाळी १०:५२

‘कोणीतरी’ म्हणजे मीच ना? रविवारी द्वितीया. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती, सकाळी सव्वासातला ओहोटी. उधाणाचेच दिवस, वाळू भरपूर. खेकडे हजर राहतील.

तिखटजास्त | गुरुवार, सकाळी ११:००

सकाळी सातला भेळ कोण देणार? मी संध्याकाळचे म्हणाले होते.

रातपाळी | गुरुवार, दुपारी २:१०

सकाळ ठेवा. मी ड्यूटी संपवून तिथेच थांबतो, पहिली गाडी सोडून देईन. भेळेचं सामान मी आणतो, हिरवी चटणी माझ्या हातची. पुऱ्या मात्र मोजून.

घाटमाथा | गुरुवार, दुपारी २:३०

साताऱ्याहून रात्रीची एसटी धरतो. लेकाला आणतो, त्यानं अजून चाखला नाही.

चाळकरी | गुरुवार, रात्री ९:५०

डोंबिवलीहून पाचची धरतो, दादरला बदलून सव्वासहापर्यंत पोचतो. पुतळ्याच्या उजवीकडे बसू. फक्त जरा हळू बोला, तिथे मालीशवाला झोपलेला असतो.